पत्रा जाड, तरी टाकी का बसते?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

पातळ पत्र्याच्या गोल टाक्या आणि सायलो यांच्यावर एकाच वेळी दोन-तीन भार आले की काय होते, याविषयी आलेल्या पत्रांपैकी सहा या वेळी घेतली आहेत. नावे न देता फक्त गाव दिले आहे. सगळ्या हिशेबांत पोलादाचा लवचिकता गुणांक २ लाख मेगापास्कल धरला आहे. एक मेगापास्कल म्हणजे दर चौरस मिलिमीटरला एक न्यूटन.

प्रश्न (बारामती): दूध प्रक्रियेच्या प्लांटमध्ये स्टेनलेस स्टीलची उभी टाकी होती. व्यास ३ मीटर, शेलची (उभ्या गोल भिंतीची) उंची ६ मीटर, पत्रा ५ मि.मी. आतून ०.५ बारची हायड्रोटेस्ट (पाणी भरून दाब देण्याची चाचणी) पास झालेली. गरम पाण्याने धुलाई झाल्यावर थंड पाणी सोडले आणि दोन-तीन मिनिटांत मोठा आवाज होऊन शेल आत बसला. पत्रा हलक्या प्रतीचा होता का?

उत्तर: पत्र्याला दोष देऊ नका. आतून ०.५ बार दिला तेव्हा त्या शेलमध्ये जेमतेम १५ मेगापास्कल हूप ताण (परिघाच्या दिशेचा ताण) आला होता. शिवाय आतला दाब गोल पत्र्याला आणखी गोल करतो. त्यामुळे हायड्रोटेस्टवरून व्हॅक्यूमबद्दल काहीही कळत नाही. बाहेरचा दाब जास्त झाला की पत्रा आवळला जातो, आणि आवळलेला पातळ पत्रा ताकद संपण्याच्या कितीतरी आधी आकार सोडतो. यालाच शेल बसणे किंवा बकलिंग म्हणतात.

विंडेनबर्ग आणि ट्रिलिंग यांचे १९३४ चे सूत्र यासाठी आजही हाताशी ठेवावे. जाडीला व्यासाने भागा, त्याचा २.५ वा घात घ्या आणि तो २.६ ने व लवचिकता गुणांकाने गुणा. मग लांबी भागिले व्यास या गुणोत्तरातून, जाडी भागिले व्यास याच्या वर्गमुळाची ०.४५ पट वजा करा आणि आलेल्या आकड्याने भागा. तुमच्या टाकीला हे लावले तर उत्तर ०.०३ मेगापास्कल येते, म्हणजे ०.३ बार. हा आकडा अगदी निर्दोष गोल टाकीचा आहे. प्रत्यक्षातली टाकी त्याच्या ६०-७० टक्क्यांतच बसते. ०.३ बारला पत्र्यात हूप ताण असतो फक्त ९ मेगापास्कल, आणि ३०४ ग्रेडची यील्ड (ज्या ताणाला पत्रा कायमचा वाकू लागतो तो) आहे २०५. तुमचा पत्रा आपल्या ताकदीच्या पाच टक्केही वापरला न जाता बसला.

आता व्हॅक्यूम आले कुठून ते पाहू. धुलाईनंतर टाकीत ८० अंशांची ओली हवा होती असे धरा. तिच्या १०१ किलोपास्कल दाबातले ४७ किलोपास्कल निव्वळ वाफेचे असतात. थंड पाण्याच्या फवाऱ्याने ती ३० अंशांवर आली की वाफेचे उरतात ४ किलोपास्कल, आणि उरलेली हवा आकसून ५४ वरून सुमारे ४६ वर येते. एकूण सुमारे ५०. व्हेंट (हवा आत-बाहेर जाण्याचे तोंड) बंद असेल तर टाकीवर बाहेरून अर्धा बार चढतो. तुमची टाकी ०.२ बारच्या आसपासच हार मानणार होती.

व्हेंट होताच, असे तुम्ही म्हणाल. पण किती मोठा? दोन मिनिटांत साधारण २१ घनमीटर हवा आत यायला हवी, आणि आत-बाहेरचा फरक २५ मि.मी. पाण्याच्या स्तंभापेक्षा जास्त होता कामा नये. हिशेब केला तर किमान १३५ मि.मी. व्यासाचे मोकळे तोंड लागते, म्हणजे १५० मि.मी.चा पाइप. उपसण्याच्या पंपापुरता बसवलेला ५० मि.मी.चा व्हेंट ताशी ६० घनमीटर उपशाला पुरतो, वाफ थिजायला लागली की पुरत नाही. व्हेंटवर व्हॉल्व्ह नको. जाळी लावलीत तर तिच्या भोकांचे क्षेत्रफळ पाइपाएवढे भरले पाहिजे. रंगकाम करताना व्हेंटच्या तोंडाला बांधलेली प्लास्टिकची पिशवी, पावसाळ्यानंतर आत झालेले गांधीलमाशीचे घर, फेस वाळून बसलेला थर या तीन गोष्टी धुलाईच्या आधी रोज बघायच्या. आणि ८० अंशांनंतर थेट गार पाणी कधीच सोडायचे नाही. आधी ६० अंशांचे, मग ४० चे, मग साधे.

पूर्ण व्हॅक्यूमसाठीच टाकी करायची असेल तर ३ चा सुरक्षा गुणक धरून तीन वाटा आहेत. रिंग न लावता पत्रा १४ मि.मी. घ्या. किंवा ८ मि.मी. पत्र्यावर दर २ मीटरला एक, अशा दोन रिंगा बाहेरून लावा. किंवा ५ मि.मी.च ठेवून दर ६५० मि.मी.ला रिंग लावा. मधली वाट बहुतेक वेळा स्वस्त पडते. ८ मि.मी. शेलवर १२० × १२ ची पट्टी उभी, अखंड गोल वेल्ड केली की लागणारा सुमारे ३४० सें.मी.⁴ जडत्वाघूर्ण (वाकण्याला होणाऱ्या विरोधाचे माप) शेलच्या पत्र्यासह मिळतो. पट्टीचा जोड मात्र फुल पेनिट्रेशन, म्हणजे पूर्ण जाडीत उतरलेल्या वेल्डचा हवा. रिंग एका जागी तुटक राहिली की ती रिंगच नव्हे.

बसलेली टाकी पाण्याने भरून पोचे बाहेर काढता येतात. हवेने कधीही काढू नका. दाबलेल्या हवेत साठलेली ऊर्जा पाण्याच्या मानाने प्रचंड असते आणि घडीत तडा असेल तर टाकी फुटते. पोचे निघाल्यावर घडीच्या रेषा, नोझलभोवतीचे वेल्ड आणि बुडाचा सांधा डाय-पेनिट्रंटने (तडा दाखवणाऱ्या रंगाने) तपासा. तीक्ष्ण घडी पडलेला भाग कापून नवा पत्रा घालणेच बरे. वरवर सरळ दिसणाऱ्या शेलची गोलाई पुन्हा मोजल्याशिवाय ती वापरात घेऊ नका.

प्रश्न (नागपूर): धान्यासाठी वेल्डेड सायलो करत आहोत. व्यास १० मीटर, उंची १५ मीटर, पत्रा वरपासून खालपर्यंत ६ मि.मी. खालच्या कोर्समध्ये (पत्र्याच्या आडव्या पट्ट्यात) उभा दाब-ताण २० मेगापास्कल निघतो आणि पत्र्याची यील्ड २५० आहे. तरी सल्लागार म्हणतात पत्रा कमी पडतो. एवढी भीती कशासाठी?

उत्तर: सल्लागारांचे बरोबर आहे. गोल पातळ शेलवर उभा भार आला की यील्ड बाजूला ठेवायची आणि त्रिज्येला जाडीने भागायचे. तुमचे उत्तर ५००० भागिले ६, म्हणजे ८३३.

निर्दोष सिलिंडर किती ताणाला बसेल याचे सूत्र लॉरेन्झ (१९०८), टिमोशेन्को (१९१०) आणि साउथवेल (१९१४) यांच्या कामातून आले: ०.६०५ गुणिले लवचिकता गुणांक गुणिले जाडी भागिले त्रिज्या. तुमच्यासाठी १४५ मेगापास्कल. पुढे प्रयोग सुरू झाले आणि सिलिंडर या आकड्याच्या पाव-अर्ध्यावरच कोसळताना दिसले. डॉनेल यांनी १९३४ मध्ये आणि फॉन कार्मान व त्सिएन यांनी १९४१ मध्ये कारण शोधायला सुरुवात केली. कॉइटर यांनी १९४५ मध्ये डेल्फ्टच्या डच भाषेतल्या प्रबंधात ते पक्के मांडले. आकारातल्या अगदी बारीक दोषानेही उभ्या भाराची ताकद झपाट्याने पडते. पोचा पत्र्याच्या जाडीएवढाच खोल असला तरी ताकदीचा चौथा-पाचवा हिस्सा उरतो.

कोल्ड्रिंकच्या रिकाम्या कॅनवर हे हातात अनुभवता येते. कॅन सपाट फरशीवर उभा ठेवा आणि कशाचा तरी आधार घेत त्यावर एक पाय सावकाश द्या. अंगावर एकही पोचा नसेल तर बऱ्याचदा तो माणसाचे वजन पेलतो. मग दुसऱ्या कोणाला लांब पट्टीने कॅनच्या अंगावर हलकेच टिचकी मारायला सांगा. कॅन क्षणात चपटा होतो आणि अंगावर हिऱ्याच्या आकाराच्या घड्या दिसतात. वजन तेच, पत्रा तोच, बाजूने आलेला भार नगण्य. दोन भार एकत्र येणे म्हणजे काय, ते इथे कळते.

घट किती धरायची? नासाच्या एसपी-८००७ या मार्गदर्शिकेतले सूत्र तुमच्या गुणोत्तराला ०.२५ हा गुणक देते, म्हणजे निर्दोष आकड्याला त्याने गुणायचे. पण तो आलेख बहुतांशी काळजीपूर्वक केलेल्या नमुन्यांच्या चाचण्यांवरून काढलेला आहे. साइटवर उन्हात वेल्ड केलेल्या सायलोला युरोकोडचे (युरोपच्या बांधकाम-मानकाचे) तीन दर्जे अधिक उपयोगी पडतात. कामाची गोलाई उत्तम असेल तर गुणक ०.२८, चांगली असेल तर ०.१८५ आणि साधारण असेल तर ०.११. साधारण कामात तुमची मर्यादा १६ मेगापास्कलच, म्हणजे २० त्यात बसतच नाही. चांगल्या कामात २७, म्हणजे २० भागिले २७, ७४ टक्के वापर. इथपर्यंत जमल्यासारखे वाटते.

आता वारा. आयएस ८७५ भाग ३ या भारतीय मानकाप्रमाणे नागपूरचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे दाब सुमारे १.२ किलोपास्कल. १५ मीटर बिनरिंगचा शेल बाहेरच्या दाबाला, चांगल्या कामाची घट धरून, २ किलोपास्कलला बसतो. वापर ६० टक्के. एकटा वारा पास, एकटा उभा भारही पास. पण दोन्ही एकाच जागी आले तर ०.७४ अधिक ०.६० म्हणजे १.३४. शेल बसला. ही सरळ बेरीज सुरक्षित बाजूची आहे. युरोकोड प्रत्येक पदाला एकाहून थोडा मोठा घात देऊन काही सवलत देतो. पण वरच्या कोणत्याही आकड्यात सुरक्षा गुणक अजून घातलेलाच नाही, तेव्हा त्या सवलतीवर डोळा ठेवू नका.

सायलो भरलेला असताना धान्य भिंतीला आतून टेकू देते, मग वारा काय करणार, असे कोणी विचारेल. सरळ मधून उपसा होत असेल तर हे खरे आहे. पण तोंड एका बाजूला असेल तर त्या बाजूने दाण्यांचा प्रवाह भिंतीला घासत उतरतो. तेवढ्या पट्ट्यात आतला दाब जवळजवळ नाहीसा होतो आणि शेजारच्या थांबलेल्या धान्याचा घर्षणभार भिंतीवर चढलेलाच असतो. टेकू गेला, उभा भार राहिला, आणि वारा त्याच बाजूचा निघाला तर तिन्ही गोष्टी एका ठिकाणी जुळतात. सायलो पडण्यामागे एका बाजूचा उपसा हे जगभर वारंवार सापडलेले कारण आहे. ऐनवेळी कडेला एक जास्तीचे तोंड पाडून घेणे हा म्हणून फार महागाचा बदल ठरतो.

उपाय सोपा आहे. खालचे तीन कोर्स ८ मि.मी. करा आणि मध्यावर, ७.५ मीटरवर, एक रिंग द्या. ८ मि.मी.त ताण १५ वर येतो आणि मर्यादा ४१ वर जाते, वापर ३६ टक्के. पत्रा फक्त एक तृतीयांशाने वाढला, पण वापर निम्म्यावर आला, कारण जाडी वाढली की मर्यादा वाढते आणि दोषाचा परिणामही कमी होतो. रिंगेमुळे वाऱ्याचा वापर ३० टक्क्यांवर येतो. बेरीज ०.६६. एवढ्यात सुरक्षा गुणक बसतो. ६ मि.मी. ठेवून नुसती रिंग दिली असती तर बेरीज १.०४ राहिली असती.

प्रश्न (पिंपरी): "चांगली गोलाई" वर्कशॉपमध्ये मोजायची कशी? ड्रॉइंगवर फक्त व्यासाचा टॉलरन्स असतो.

उत्तर: व्यास दोन दिशांनी मोजून लंबगोलपणा कळतो, पोचा कळत नाही. शेलला मारतो तो पोचाच.

उभ्या भारासाठी पट्टीची लांबी ४ गुणिले (त्रिज्या गुणिले जाडी) चे वर्गमूळ. १० मीटर व्यास आणि ६ मि.मी. पत्रा असेल तर ६९३ मि.मी. तेवढी सरळ पट्टी शेलवर उभी धरा आणि त्याच लांबीचे त्रिज्येला कापलेले टेम्प्लेट आडवे धरा. मधली फट फीलर किंवा टेपर गेजने मोजा. उत्तम दर्जाला फट ४ मि.मी., चांगल्याला ७, साधारणला ११ पर्यंत चालते. चारच मि.मी.च्या फरकावर वरच्या सायलोची मर्यादा २७ वरून १६ वर येते, म्हणून मोजमाप टाळू नका. वेल्डच्या आडव्या सांध्यावर जाडीच्या २५ पट लांबीची आखूड पट्टीही फिरवा. वेल्ड आकसल्याने तिथे सगळीकडे गोल खळगी पडते, आणि उभ्या भाराला याहून वाईट आकार नाही. टाक्यांसाठी एपीआय ६५० या अमेरिकन मानकात सुमारे ९०० मि.मी.च्या पट्टीवर १३ मि.मी. ही मर्यादा आहे. ती टाकीची सर्वसाधारण गोलाई राखण्यासाठी आहे. तेवढ्यावर सायलो पास करू नका.

पोचे येतात कुठून? रोलिंगमध्ये पत्र्याच्या दोन्ही कडा सरळ राहतात आणि उभ्या सांध्यावर छपराच्या आढ्यासारखे टोक येते. कडा आधी प्रेसवर दाबून घ्या किंवा दोन्ही बाजूंना १५०-२०० मि.मी. पत्रा जास्त ठेवून नंतर कापा. वेल्डिंग एका दमात पूर्ण फेरीने करू नका. आठ भाग पाडून समोरासमोरचे भाग घ्या. शेल आडवा ठेवायचा तर आत स्पायडर (गोलाई धरून ठेवणारा आधार) हवाच, नुसत्या दोन ठोकळ्यांवर ठेवलेला ६ मि.मी. शेल रात्रीत आपल्याच वजनाने लंबगोल होतो. आणि ग्राइंडरने टोक घासून फट लपवू नका. पत्रा पातळ होतो, आकार तसाच राहतो.

प्रश्न (सांगली): सॉफ्टवेअरमध्ये आतला दाब, स्वतःचे वजन आणि वारा एकत्र देऊन बकलिंग ॲनालिसिस केले. गुणक ३.१ आला, म्हणजे भार ३.१ पट झाले की शेल बसेल. एवढा पुरेसा आहे ना?

उत्तर: नाही, दोन कारणांनी.

पहिले: हे रेषीय उत्तर निर्दोष शेलचे आहे. नागपूरच्या उत्तरातला ०.११ ते ०.२८ चा घट गुणक त्यात नाही. ३.१ ला ०.१८५ ने गुणलेत तर ०.५७ उरतो. घट वगळायचीच असेल तर दोषासह, मोठे विस्थापन आणि यील्ड धरून पूर्ण अरेषीय ॲनालिसिस करावे लागते. त्यात दोषाचा आकार एकच घेऊन थांबू नका. आडव्या सांध्यांवरची खळगी घातलेले एक मॉडेल करायलाच हवे. मॉडेलची जाळीही (शेलचे पाडलेले छोटे तुकडे, म्हणजे एलिमेंट) बारीक लागते. उभ्या भाराखाली अर्धी लाट साधारण १.७ गुणिले (त्रिज्या गुणिले जाडी) चे वर्गमूळ एवढी असते. १० मीटर व्यास आणि ६ मि.मी. पत्र्यावर ती ३०० मि.मी. होते. एलिमेंट ३० ते ४० मि.मी.चा ठेवा. २०० मि.मी.च्या जाळीवर लाट दिसतच नाही आणि गुणक फुगून येतो.

दुसरे कारण अधिक घातक आहे आणि रिपोर्टमध्ये सहसा दिसत नाही. सॉफ्टवेअर तो ३.१ सगळ्याच भारांना लावते, म्हणजे शेलला आतून सावरणारा दाबही तिप्पट होतो. वारा तिप्पट झाला म्हणून टाकीतले द्रव तिप्पट होत नसते. मदत करणारा भार आधीच्या पायरीत स्थिर ठेवा आणि पुढच्या पायरीत फक्त अपायकारक भार वाढवा. मदतीचा भार तर कमीत कमी किती असेल तोच धरा. रिकामी टाकी, निम्मी टाकी आणि भरलेली टाकी अशा तीन वेगळ्या रन लागतात. पिळाचा किंवा कातर भार असेल तर तोही त्याच रनमध्ये घ्या. हातच्या हिशेबात पिळाच्या वापराचा वर्ग करून तो उभ्या भाराच्या वापरात मिळवतात, म्हणून थोडा पीळ फारसा जाणवत नाही, आणि अर्ध्याच्या पुढे गेला की झपाट्याने जाणवतो.

प्रश्न (रत्नागिरी): २० मीटर व्यासाच्या टाकीच्या बुडालगत सर्व बाजूंनी फुगवटा दिसू लागला आहे. टाकी पाण्यासाठी बांधली होती, आता तीत मोलॅसिस भरतो. पातळी ९ मीटर. खालचा कोर्स १० मि.मी. आहे.

उत्तर: पातळी आजच उतरवा, मग पुढचे वाचा.

या आकाराला जगभर हत्तीपाय म्हणतात. २७ मार्च १९६४ च्या अलास्का भूकंपात तिथल्या अनेक तेलटाक्यांच्या बुडाशी असाच फुगवटा आला होता. कॅनवर दिसणाऱ्या हिऱ्याच्या घड्या इथे नसतात, कारण आतल्या दाबाने पत्रा बाहेर ताणलेला असतो. आतला दाब शेलला सावरतो असे वर म्हटले, पण ते एका मर्यादेपर्यंत. हूप ताण यील्डच्या जवळ जाऊ लागला की वरून आलेला थोडासा उभा भारही पत्र्याला यील्ड करायला पुरतो. बुडाची प्लेट पत्र्याला सरकू देत नाही, म्हणून फुगवटा तिच्या लगेच वर येतो.

तुमच्या टाकीचा हिशेब असा. पाणी असताना हूप ताण ८८ मेगापास्कल होता आणि बुडाशी उभ्या ताणाची मर्यादा सुमारे ७९. मोलॅसिसची घनता १.४ धरली तर हूप १२४ होतो आणि मर्यादा ६८ वर येते. आता खालचा पत्रा गंजून ८ मि.मी. झाला असेल तर हूप १५५ आणि मर्यादा ४७. दोन मि.मी. गंजाने ताकद तिसऱ्या हिश्शाने गेली, आणि त्याच वेळी पत्रा पातळ झाल्याने उभा ताण पाव पटीने वाढला. मोलॅसिसच्या टाकीत बुडाचा कोपरा गंजतोही सर्वात आधी, कारण गाळ आणि ओल तिथेच साचते.

रिकामी करून अल्ट्रासॉनिक जाडीमापकाने खालच्या ३०० मि.मी. पट्ट्यात दर ५०० मि.मी.ला जाडी घ्या. शेल आणि बुडाच्या सांध्याचा वेल्ड आतून-बाहेरून तपासा. पायाचे लेव्हलही परिघावर किमान आठ ठिकाणी घ्या, कारण एका बाजूची खचही फुगवटा वाढवते. फुगवट्यावर पट्टी चिकटवून काम भागवू नका. खालचा कोर्स कापून जाड घाला, नाहीतर भरण्याची पातळी कायमची कमी करा. भूकंपाचा हिशेब आयएस १८९३ भाग २ प्रमाणे १.४ घनतेने नव्याने करावा लागेल. द्रव हिंदकळताना एका बाजूचा उभा दाब आणि हूप ताण दोन्ही एकदम वाढतात, आणि रत्नागिरीत तो हिशेब टाळता येत नाही.

प्रश्न (उरण): २४ मीटर व्यासाच्या उघड्या टाकीला मध्ये विंड गर्डर (वाऱ्यासाठी शेलभोवती बसवायची रिंग) लागतो का? सहा कोर्स आहेत, प्रत्येकी १.५ मीटर. वरचे चार ६ मि.मी., मग ८ आणि १०.

उत्तर: एपीआय ६५० चा नियम असा: ९.४७ गुणिले वरच्या कोर्सची जाडी, गुणिले (जाडी मि.मी. भागिले व्यास मीटर) च्या घनाचे वर्गमूळ. उत्तर ७.१ मीटर, म्हणजे मधल्या गर्डरशिवाय चालणारी उंची. हे ताशी १९० कि.मी. वाऱ्याचे. मुंबई भागाचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी १५८ कि.मी. वेगांच्या गुणोत्तराचा वर्ग लावला की १०.२ मीटर होते. तुमच्या जागेचे उंचीचे व भूभागाचे गुणक लावल्यावर जो वेग येईल तोच शेवटी घ्या. आता शेलची सममूल्य उंची काढा. जाड कोर्सची उंची (वरची जाडी भागिले त्या कोर्सची जाडी) च्या २.५ व्या घाताने कमी करायची. ६ मि.मी.चे चार मिळून ६ मीटर, ८ चा ०.७३, १० चा ०.४२, एकूण ७.१५ मीटर. ते १०.२ पेक्षा कमी, म्हणून मधला गर्डर नको.

पण १ मि.मी. गंज धरून हाच हिशेब पुन्हा करा. मर्यादा ६.५ मीटरवर येते आणि सममूल्य उंची ७.० मीटर होते. आता गर्डर हवा. खाऱ्या हवेत १ मि.मी. जायला फार वर्षे लागत नाहीत. गंजाची तरतूद धरूनच हिशेब करा आणि गर्डर आत्ताच घ्या. नंतर चढवायचा तर मचाण आणि रंग दोन्हीचा खर्च पुन्हा येतो.

हे सगळे शेलच्या माथ्यावरचा विंड गर्डर जागेवर असेल तरच. उभारणीत तो नसतो आणि तेव्हाच शेल वाऱ्याने गुंडाळला जातो. मे-जूनमध्ये काम असेल तर दर कोर्सनंतर तात्पुरता १००×१०० अँगल आतून टॅक (ठिपक्यांचे तात्पुरते वेल्ड) करा. टर्नबकलसह दोर सर्व बाजूंना ताणा आणि फक्त टॅक केलेला कोर्स रात्रभर सोडून जाऊ नका. बुडात मीटरभर पाणी भरल्याने टाकी उचलली जाणार नाही, पण वरच्या कडेला त्याचा काडीचाही आधार मिळत नाही.